कुलुपातले वायफाय

ज्ञानाला सीमा नसते. हे वाक्य आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिले आहे. खाली उघड्या पुस्तकाचे चित्र असून पुस्तकातून सूर्य उगवतो आहे. मी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात केली. पुस्तकातून सूर्य उगवताना कधी पाहिला नाही. वाळवी निघताना पाहिली. तरी वाक्य वाईट नाही. फक्त आमच्या गावात ज्ञानाची सीमा कुठे आहे, ते कोणीही बोट दाखवून सांगू शकतो. ती बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडापाशी आहे. झाडाच्या त्या बाजूला वायफाय येते, या बाजूला येत नाही. या बाजूला आम्ही राहतो.

गाव नागभीडपासून फार लांब नाही आणि जंगलापासून तर मुळीच नाही. चौक, पंचायत, सोसायटी, चक्की आणि मारुतीचे देऊळ एका टोकाला. मध्ये बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारे लहानसे तळे. आणि तिच्या पलीकडे आमची बौद्ध वस्ती. नळ, खांबावरचे दिवे, डांबर या सगळ्या गोष्टी चौकातून आमच्याकडे यायला निघतात. काही पोहोचतात. डांबर निघून बरीच वर्षे झाली, अजून बोडीपाशी दम खात आहे. वायफायबद्दल मात्र आम्हाला थोडी आशा होती, कारण ते हवेतून येते असे कळले होते. हवेला डांबर लागत नाही.

राउटर बसला त्या दिवशी मंडप होता. राउटर म्हणजे दुधाच्या पिशवीएवढा पांढरा डबा, त्याला दोन शिंगे. तो पंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर उंच बसवला होता, आणि त्याच्या खाली त्याच्या पन्नासपट मोठा फलक होता, त्यावर राउटर सोडून सगळ्यांचे फोटो होते. आमच्या सरपंच एक बाई आहेत. ही गोष्ट गावात बहुतेकांना माहीत आहे. कारभार त्यांचे यजमान पाहतात. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, सभेत खुर्चीवर तेच बसतात, आणि त्यांच्या गाडीच्या काचेवर ‘सरपंच’ असे लिहिले आहे. बाईंना गाडी चालवता येत नाही, त्यामुळे हे एका अर्थी रास्तच आहे.

भाऊ त्या दिवशी म्हणाले, “आता अमेरिका आपल्या चौकात येऊन बसली समजा.”

मागून कोणीतरी म्हणाले, “बसू द्या भाऊ, पण तिले चहा कोण पाजन?”

पहिले काही दिवस आमच्या वस्तीतही फोनवर वायफायची एक काडी दिसे. फोन खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला तर दोन. मग एका वानराने पंचायतीच्या छतावरून हात घालून राउटरचे एक शिंग मोडले. शिंग बदलले गेले. पण भाऊंनी हा अपमान मनाला लावून घेतला. त्यांनी गेट बनवणाऱ्याकडून जाड पत्र्याची एक पेटी करून घेतली. चारी बाजूंनी बंद, तारेपुरते एक भोक, पुढे दार, दाराला कुलूप. राउटर पेटीत गेला, पेटीवर पिवळा रंग चढला, रंगावर भाऊंचे नाव आले, आणि किल्ली ट्रॅक्टरच्या किल्लीसोबत भाऊंच्या कमरेला गेली. पेटीखालच्या ओट्यावर बसणाऱ्या पोरांचे काही बिघडले नाही. ती राउटरच्या पायाशीच बसत. आमच्याकडची काडी मात्र गेली.

कोणाला पेटीचा संशय आला नाही, मलाही नाही. कारण त्याच सुमारास मोहाला नवी पालवी फुटली आणि झाड हिरवेगच्च झाले. चौक आणि वस्ती यांच्या बरोबर मध्ये उभे असलेले एवढे मोठे झाड समोर असताना पेटीकडे कोण पाहणार? झाडाला कुलूप नव्हते, नाव नव्हते आणि त्याचा कोणी मेहुणा तालुक्यात नव्हता. दोष देण्यासाठी ते फार सोयीचे होते.

शेजारच्या घरी या सगळ्यावर एक नोकरी अडून बसली होती. शेजारी राइस मिलमध्ये काम करतात. त्यांची मुलगी चंद्रपूरला नर्सिंग शिकून परत आली होती. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात तिने अर्ज केला होता. मुलाखत व्हिडिओवर होणार होती. आदल्या दिवशी निरोप येईल, दिलेल्या वेळी जो उमेदवार जोडला जाणार नाही त्याचा विचार होणार नाही, असे त्यांनी कळवले होते. आदल्या संध्याकाळी निरोप आला तर दुपारच्या एकुलत्या एका गाडीने वेळेवर कुठे पोहोचणार? मोबाइलचा टॉवर होता, पण तो फोनपुरता. त्याच्या नेटवर चेहरा यायचा तो अर्धा यायचा आणि तोंड उघडे असतानाच थांबायचा. चौकातल्या ओट्यावर जावे तर तिथे पोरांचा आणि चक्कीचा एवढा गोंगाट की प्रश्नच ऐकू आला नसता. घरात ठरले होते की दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर पाहुणे पाहायला येतील. पाहुण्यांना व्हिडिओ चालत नाही, ते प्रत्यक्ष येतात.

म्हणून त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात शेजारच्या घरात विज्ञानाचे पुष्कळ प्रयोग झाले. फोन स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उभा करून ठेवला. टीव्हीची जुनी छत्री चौकाकडे तोंड करून बांधली. फोन बांबूला बांधून छपराच्या कवेलूंच्या वर चढवला. तिथे त्याला एक काडी मिळाली, पण बोलायला माणूस वर कसा चढवायचा ते कळेना. शेवटी शेजाऱ्यांनी चंद्रपूरहून एक यंत्र आणले. दूरचे वायफाय पकडायचे आणि पुढे फेकायचे, असे त्याचे काम. ते रात्रंदिवस हिरवा दिवा लावून जे येतच नव्हते ते मोठ्या निष्ठेने पुढे पाठवत राहिले. मी पुष्कळ चर्चासत्रांना बसलो आहे, मला त्यात नवल वाटले नाही.

मग शेजारी ग्रामसभेत उभे राहिले. म्हणाले, “आमच्या वस्तीत रेंज येत नाई, भाऊ.”

“मोहाचं झाड आडवं येते ना,” भाऊ म्हणाले. “त्याले मी काय करू? लिहून घ्या जी. वस्तीत रेंज येत नाई, संबंधितांना कळवा.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या जंगलाच्या जिल्ह्यांत रेंज हा शब्द मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे. रेंज म्हणजे वनखात्याची हद्द आणि तिचे ऑफिस. तिथला साहेब तो रेंजर. जळाऊ काडी उचलायची, बांबू तोडायचा, गाय वाघाने मारली म्हणून सांगायचे, तर माणूस रेंजला जातो. पंचायतीचा शिपाई जुना माणूस. वस्तीत रेंज येत नाही, संबंधितांना कळवायचे आहे, एवढे वाचून तो सायकलवर बसला आणि रेंजमध्ये जाऊन कळवून आला.

दोन दिवसांनी वस्तीत हिरवी जीप आली. रेंजर साहेब उतरले ते दुखावलेले होते.

“कोण म्हणते रेंज येत नाही? मागे वाघ आला तेव्हा रात्रभर इथंच नव्हतो का आम्ही?”

शेजारची म्हातारी काठी टेकत बाहेर आली. “बाप्पा! रेंज आली म्हणे?”

“आली ना आजी,” शेजाऱ्यांची मुलगी म्हणाली. “जीपमध्ये बसून आली.”

“मंग लाव ना लवकर फोन, जाईन ते परत!”

खुलासा व्हायला वेळ लागला. साहेब माणूस बरा होता, हसला. झाडाचे विचारले तेव्हा मात्र तो गंभीर झाला. मोहाची फांदी छाटायची तर अर्ज, पाहणी, पंचनामा, परवानगी, आणि शिवाय ज्यांच्या बांधावर झाड आहे त्यांची संमती. ते घर दर उन्हाळ्यात त्याच झाडाची फुले वेचून वर्षाचे तेलमीठ काढते. त्यांनी नाही म्हणून साहेबांच्या तोंडावरच सांगितले. साहेबांनी पालवीकडे पाहिले, चौकाकडे पाहिले, आणि जाताना शिपायाला बाजूला घेऊन वायफायचा पासवर्ड विचारला. त्यांच्या ऑफिसात नेट नव्हते.

असा दसरा आला. आमच्या वस्तीतली निम्मी माणसे धम्मचक्र दिनासाठी नागपूरला गेली. माझे गुडघे येत नाहीत म्हणून मी राहिलो, आणि शेजाऱ्यांची मुलगी मुलाखतीच्या अभ्यासासाठी राहिली. चौकात दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, चक्कीचा पट्टा, सोसायटीचा काटा, सगळ्यांना हळदकुंकू लागते. त्या वर्षी भाऊंनी वायफायलाही बसवले. मला गावचा शिकलेला माणूस म्हणून खुर्ची दिली होती. भाऊंनी किल्ली काढली, पेटीचे दार उघडले, राउटरच्या दोन शिंगांना दोन झेंडूची फुले अडकवली, नारळ फोडला, आरती झाली, दार बंद झाले.

मी घरी परतलो तर मुलगी दारात उभी.

“काकाजी, चौकात काय करून राह्यले होते तुम्ही लोकं?”

“वायफायची आरती. काऊन?”

“माह्या फोनवर चार काड्या आल्या होत्या. धडाधड सगळे मेसेज आले. मंग एकदम गेलं.”

“केव्हा गेलं?”

“ढोलकी थांबली आणि गेलं.”

गावात या गोष्टीचा अर्थ त्याच संध्याकाळी लागला. वस्तीत राहिलेल्या इतरांचेही फोन त्या वेळी वाजले होते, आणि चौकातल्या पोरांचे चित्रपट न अडकता चालले होते. वायफायला पूजा हवी होती, आजवर कोणी केली नव्हती, केली आणि ते प्रसन्न झाले. भाऊंनी हे जाहीरच केले. “मशीन असो का माणूस असो, मान द्यावा लागते,” ते म्हणाले. यात राउटरपेक्षा त्यांना स्वतःचा अनुभव जास्त होता. दार उघडल्यामुळे वायफाय बाहेर आले आणि लावल्यामुळे आत राहिले, असे कोणाच्या मनात आले असेल तर ते त्याने मनातच ठेवले. ते मोठ्याने म्हणणे म्हणजे भाऊंनी अमेरिका पत्र्याच्या डब्यात कोंडली असे म्हणणे होते, आणि घरकुलाच्या यादीवर सही भाऊंच्या घरात होत असे.

मुलीने ते मला सांगितले, पण गावात सांगितले नाही. मी म्हणालो, चल, आपण जाऊन भाऊंना समजावू, लोखंडातून लहरी जात नाहीत. मी एक पुस्तकही काढले होते. तिने पुस्तकाकडे प्रेमाने पाहिले, आजारी माणसाकडे पाहतात तसे.

“काकाजी, समजावलं तर ते कधीच उघडनार नाई.”

निरोप आला तो दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मुलाखत. मुलगी तशीच उठून भाऊंच्या घरी निघाली. मला सोबत घेतले. भाऊ अंगणात खाटेवर होते, सरपंचबाई आत दाराशी तांदूळ निवडत होत्या.

“भाऊ,” ती म्हणाली, “दसऱ्याचा तुमचा फोटो पाहिला मी. पूजेचा.”

“हो? कसा आला?”

“पूजा मस्त आली. पण तुमचे डोळे मिटले आहेत ना जी.”

भाऊंनी फोन काढला. डोळे खरोखरच मिटले होते. हाच फोटो तालुक्याच्या पेपरवाल्याला गेला होता आणि त्याने तो छापला नव्हता. आता त्यांना कारण समजले.

“उद्या अकरा वाजता ऊन बरोबर पेटीवर येते,” मुलगी म्हणाली. “उद्या एकदा आरती करा. चांगला फोटो येईन. आणि वायफायही खूश राहीन.”

“पोरीचं डोकं आहे,” भाऊ माझ्याकडे पाहून म्हणाले. मी मान हलवली. आतून तांदळाचा आवाज थांबला होता. सरपंचबाई म्हणाल्या, “तुले काय काम आहे अकरा वाजता, बाई?”

“मुलाखत आहे, बाई. नोकरीची.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि सूप पुन्हा वाजू लागले.

परत येताना शेजाऱ्यांनी बोडीवरच तिला गाठले. ते चिडले होते. “आपल्या घरून पूजा सांगून आलीस तू? आपल्या घरून?”

“पूजा त्यायची, बाबा. मले फक्त दार पाहिजे.”

बापाने खांद्यावरचा दुपट्टा काढून झटकला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “आरती लहान नको म्हणा.” आणि तोच मला दुसऱ्या दिवशीचा हुकूम झाला. मी चौकात बसायचे आणि आरती लवकर संपू द्यायची नाही. मुलाखत संपली की शेजारी पाळीवर, मोहाखाली उभे राहून दुपट्टा हलवणार, तो ओट्यावरून दिसतो. बिनतारी संदेशाची ही पद्धत फार जुनी आहे आणि तिला पासवर्ड लागत नाही.

अकराला भाऊ नवे जाकीट घालून आले. दार उघडले. ऊन खरोखरच पेटीवर आले होते. मुलीने ते पाहून ठेवले असावे. भाऊंचा मेहुणा फोन धरून उभा राहिला. गणपतीची आरती सुरू झाली. मी, ज्याने अनेक वर्षे कर्मकांडावरची पुस्तके बारकाईने विषयवार लावली, टाळ्या वाजवत होतो, आणि जरा संथ लयीत वाजवत होतो, म्हणजे लांबेल. तरी गणपतीची आरती संपायला किती वेळ लागतो? मेहुण्याने फोटो काढले. भाऊंनी पाहिले. डोळे उघडे होते, दोन्ही. छतावर वानरांची टोळी येऊन बसली होती.

“झालं,” भाऊ म्हणाले, आणि कमरेची किल्ली काढली.

मी पाळीकडे पाहिले. दुपट्टा नव्हता. मी म्हणालो, “भाऊ, एक आणखी होऊन जाऊ द्या.”

“कोणती म्हणता, तुम्हीच म्हणा.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला एकही येत नव्हती. भाऊंनी दाराला हात घातला.

तेव्हा सरपंचबाई म्हणाल्या, “थांबा.”

इतकी वर्षे मी ग्रामसभांना बसतो, पण चौकात त्यांचा आवाज ऐकल्याचे मला आठवत नाही. त्यांनी आरतीचे ताट भाऊंसमोरून काढून घेतले, पेटीसमोर उभ्या राहिल्या आणि देवीची आरती सुरू केली. चक्कीवर दळायला आलेल्या बायका डबे ठेवून पुढे आल्या. देवीची झाली, शंकराची झाली. मग एकीने अशी एक काढली की ती बायकांनाच येत होती. तिला कडवी किती होती देव जाणे. भाऊ किल्ली धरून उभे होते. मध्ये जळते ताट, भोवती बायका. दारापर्यंत जायला वाट नव्हती. त्यांनी मेहुण्याला डोळ्यांनी खुणावले. मेहुणा टाळ्या वाजवत होता. वानरे खाली वाकून पाहत होती आणि एकही खाली उतरत नव्हते. एवढा आवाज त्यांनाही झेपत नसावा.

शेवटी पाळीवर पांढरा दुपट्टा हलला. मी खोकलो. बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. चालू होते ते कडवे पूर्ण केले, ताट खाली ठेवले आणि यजमानांना म्हणाल्या, “आता लावा.”

त्यांनी लावले.

पेपरात फोटो आला. त्यात भाऊंचे डोळे उघडे आहेत आणि ताट बाईंच्या हातात आहे. दोनच दिवसांनी निवड झाल्याचे कळले आणि मुलगी लगेच नागपूरला रुजू झाली. पाहुण्यांना नको म्हणून निरोप गेला. दिवाळीला मुलगी सुट्टीवर घरी आली तेव्हा भाऊंनी चौकात तिचा सत्कार ठेवला. मंडप तोच होता. भाऊ गुणवत्तेवर बोलले. गुणवत्ता असेल तर खेड्यातली पोरगीही महानगराला हरवते, शेकडो उमेदवारांतून आपल्या गावची निवडली जाते, असे ते म्हणाले. शाल दिली, नारळ दिला. बोलायला सांगितले तेव्हा तिने सगळ्यांचे आभार मानले, सरपंचबाईंचे नाव घेऊन मानले, आणि खाली बसली.

मी शेजारीच होतो. हळूच विचारले, “शेकडो होते काय गं खरंच?”

“अर्ज होते, काकाजी. जागा चार होत्या.”

“आणि मुलाखत?”

“तिघींचाच फोन लागला वेळेवर. त्यातल्याही एकीचा तर नुसता आवाज येत होता, तोंड दिसतच नव्हतं.”

“मग?”

“तिघींनाही घेतलं. चौथी जागा अजून रिकामी आहे.”